मिठाच्या बरणीचं झाकण

शाळेतून येऊन मी आमटी गरम करायला ठेवली होती. मिठाच्या बरणीचं झाकण उलटं होतं. म्हणजे सकाळी ऑफिसला निघण्याआधी केतकीने मिठाचं काम अंगावर घेतलं होतं, तेव्हा चव घेण्याच्या फंदात न पडता मी पानं घेत होते. तेवढ्यात संदीपचा, माझ्या दिराचा फोन आला. "वहिनी, केतकी ऑफिसात पडलीये... ठाण्याला हॉस्पिटलात नेतायत, मी निघालोय." गॅस बंद करून मीही निघाले. आम्ही पोचेपर्यंत ती गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. ती आमटी कोणी खाल्ली नाही. शेजारणीने ओतून देऊन पातेलं घासून ठेवलं, पण झाकणाला कोणी हात लावला नाही. काही आठवडे झाले तरी ते उलटंच होतं. मी वाटीत वेगळं मीठ काढून ठेवलं होतं आणि त्यातून स्वयंपाक करत होते. एक साधं झाकण सरळ करणं मला जमत नव्हतं, याचा माझा मलाच राग यायचा, आणि राग आला की मी काहीतरी घासायला घ्यायचे. सध्या आमच्या घरातली भांडी फार चकचकीत आहेत.

केतकी माझी धाकटी जाऊ, संदीपची बायको. खडवलीची, स्टेशनजवळच्या किराणा दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन आमच्या डोंबिवलीच्या घरी आली, तेव्हा ती घोडबंदर रोडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते एवढंच आम्हाला कळलं होतं. मला कायम घाई, तिला कधीच नाही. मी एका हाताने पोळी लाटत दुसऱ्याने पेपर तपासणारी बाई. ती कांदा चिरायला बसली की त्या कांद्याचीही करमणूक होत असावी. सुरुवातीला मला तिचा वैताग यायचा, हे तिलाही माहीत होतं. "ताई, तुम्ही चिडा बिनधास्त, मी चिरते सावकाश," म्हणायची.

घरून काम असलं की लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसायची. काय करतेस म्हणून एकदा विचारलं, तर तिने सरळ सांगितलं. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवायचे. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत, पण आतली मेमरी, डिस्क सगळं वाटून घेतलेलं असतं. दोन कामांनी नेमका एकाच क्षणी एकाच वस्तूला हात घातला की घोटाळा होतो. त्याला रेस कंडिशन म्हणतात, आणि तो शोधणं हे तिचं काम. त्या दिवसांत तिला असाच एक घोटाळा दिसला होता, पण एकदाच. एक आभासी संगणक चालू असताना त्याच्या खालची डिस्कच नाहीशी झाली होती. पुन्हा करून बघितलं तर सगळं सुरळीत. बारीक नोंदी ठेवायला लागली तर तो मुळीच होईना, कारण नोंदी ठेवण्यातच कामांची गती बदलायची. ऑफिसातले म्हणत होते, पुन्हा दाखव, नाहीतर तक्रार बंद कर. हे सॉफ्टवेअर पुढे हॉस्पिटलांत जाणार होतं. ती बंद करेना. "एकदा झालंय म्हणजे होतं," एवढंच तिचं म्हणणं.

मग एका रविवारी मी बटाट्याच्या रश्शाची चव घेतली, मीठ नव्हतं. बरणी उघडते तोच बेल वाजली. वॉचमन पाण्याची वेळ बदलल्याचं सांगायला आला होता, त्याच्याशी माझी यथासांग हुज्जत झाली. तेवढ्यात केतकीने रस्सा चाखला आणि मीठ घातलं. मी परत आले, चव तर आधीच घेतलेली, मीही मीठ घातलं. पानावर बसल्यावर संदीपने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. मी भडकणार, तेवढ्यात केतकी ताठ बसली.

"ताई, बेल वाजली तेव्हा तुमचं काय चाललेलं?"

"बरणी उघडत होते. का?"

"म्हणजे चव घेऊन झालेली, मीठ घालायचं राहिलेलं!"

हात धुऊन बाई लॅपटॉपवर जाऊन बसल्या. अन्न टाकून उठली म्हणून मी चार शब्द सुनावले, तिला ऐकूही आले नसतील. संध्याकाळी तिने मला खुलासा केला. इतके दिवस ती दोन्ही कामं जास्तीत जास्त वेगाने पळवत होती, कधीतरी टक्कर होईल म्हणून. आता तिने एका कामाला मुद्दाम अडवलं. डिस्क मोकळी आहे ना हे बघून झाल्यावर आणि तिला हात लावायच्या आधी, नेमकं मधे. तिच्या भाषेत, तिने बेल वाजवली. त्या अवधीत दुसरं काम आत शिरलं आणि डिस्क गेली. दर वेळी गेली. ऑफिसात मग कोणाला काही बोलायला जागा राहिली नाही. दुरुस्ती झाल्यावरच सॉफ्टवेअर बाहेर पडलं. तिने पेढे आणले, आणि पहिला पेढा वॉचमनला दिला.

झाकणाचा नियम तेव्हापासूनचा. चव घ्यायच्या आधीच झाकण उलटं करायचं, म्हणजे मीठ माझ्याकडे. दुसरीने हात लावायचा नाही. जेवणं झाली की जिने उलटं केलं तिनेच ते सरळ करायचं. मी जेवता जेवता तिची फिरकी घेतली, "आणि झाकण उलटं करून तू माहेरी निघून गेलीस तर?"

तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "ताई, हीच तर माझी पुढची टेस्ट! आमच्या कामात झाकणाला कुलूप म्हणतात. ज्याच्या हातात कुलूप, त्यालाच मधे मारून टाकायचं आणि बाकीचे अडकून बसतात का बघायचं."

"अगं बाई! मग?"

"मग जरा वाट बघायची. तो येत नाही अशी खात्री झाली, की दुसऱ्याने सोडवायचं. पण खात्री करूनच हां. घाईत सोडवलं आणि तो परत आला तर दुप्पट गोंधळ."

एरवी सगळ्यात घाई करणारी मी, ती गेल्यावर या एका गोष्टीत तिचं ऐकून बसले होते. वेड्यासारखी. संध्याकाळी लिफ्टचं दार वाजलं की अजून माझा हात थबकतो...

मागच्या रविवारी संदीपने पहिल्यांदा भाजी केली. कोबीची. बिचाऱ्याने यूट्यूब बघून अगदी मन लावून केली. आम्ही जेवायला बसलो, तर भाजी पार अळणी.

"वहिनी, मीठ?"

"तू केलीस ना भाजी?"

"झाकण उलटं होतं. म्हटलं, तुम्ही घालणार."

"ते माझं नाही रे," मी म्हटलं. "ते तिचं आहे. त्या दिवसापासूनचं."

तिचा नियम त्यानेही याच टेबलावर ऐकला होता. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "खात्री झालीये ना, वहिनी?"

मला रडू फुटलं, ते त्याच्यासमोर पहिल्यांदाच. तशीच उठले. ओट्याशी जाऊन केतकीचं झाकण सरळ केलं, बरणी बंद केली आणि दोन्ही हातांनी थोडा वेळ धरून उभी राहिले. मग बरणी उघडून झाकण पुन्हा उलटं ठेवलं, माझ्या नावाने, आणि भाजीत मीठ घातलं. पानावर परत आले, जेवलेही, पण जेवण होईपर्यंत माझं सगळं लक्ष ओट्याकडे होतं. हात धुतल्यावर आधी ते सरळ करायचं होतं.