शोभाताईंच्या पेन्सिलीची टिंबं

पडदा वर गेला आहे असं समजा. उजेड दुपारचा, डावीकडच्या खिडकीतून आलेला. नागपुरात, इंदोऱ्यातल्या एका विहाराच्या मागची खोली. निळ्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला पोरांच्या डोक्यांच्या तेलाचा पट्टा. सहा टेबलं, सहा जुने संगणक, आणि सहाही पडद्यांवर काळोख. चपलांच्या रॅककडून एक बाई आत येतात. वय त्रेसष्ट, पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल. या शोभाताई खोब्रागडे.

त्यांना नाटकात पाहिलं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यांना पाहिलेलं नाही. बत्तीस वर्षं त्या विंगेत बसल्या. नागपूरच्या स्पर्धा असोत, झाडीपट्टीतले रात्रभराचे प्रयोग असोत, स्टुलावर शोभाताई, मांडीवर संहिता, हातात पेन्सिल. नट अडला की त्या शब्द पुरवत, आणि असा पुरवत की पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोलाही कळू नये. टाळ्या पडत त्या त्याला.

त्यांची एक सवय होती. तालमीत जो जिथे अडखळेल, तिथे समासात बारीक टिंब. दहा तालमींनंतर त्या वही उघडून निकाल देत. टिंबं एकाच ओळीवर साचली असतील तर ओळच वाईट, लेखकाला बोलवा. टिंबं दर वेळी वेगळ्या ओळीवर पडली असतील तर लेखक निर्दोष, नटाच्याच डोक्यात काही टिकत नाही. हा निकाल कधी चुकला असं कुणाला आठवत नाही. भल्याभल्या नायकांनी तो खालमानेनं ऐकला आहे.

आता संगणकांचं. मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीनं आपली जुनी यंत्रं विहाराला दिली, तेव्हा ठेवायला जागा नव्हती. समितीतले महादेवराव कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला. त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात ती दोन वर्षं पडून राहिली. यंदा मागची खोली रिकामी झाली आणि दोन मागण्या एकदम पुढे आल्या. मंडप डेकोरेशनवाल्या भैय्याजींना ती खुर्च्या ठेवायला हवी होती. शोभाताईंना अभ्यासिका हवी होती, आणि तीही करिष्मासाठी. गल्लीतली ही मुलगी दिवसभर कापडाच्या दुकानात उभी राहायची आणि महिनाअखेरीच्या मराठी टंकलेखनाच्या परीक्षेचा सराव पुठ्ठ्यावर करायची. पुठ्ठ्यावर तिनं स्केचपेननं सगळी बटणं काढली होती. शोभाताईंनी तिला त्यावर बोटं आपटताना पाहिलं होतं, आवाज न करणारी.

समितीनं सोपा तोडगा काढला. रविवारी वंदनेनंतर सभा. तोवर सहाही यंत्रं सुरू झाली तर अभ्यासिका, नाहीतर खुर्च्या.

"सहा म्हणजे सहा बरं, ताई," भैय्याजी म्हणाले. "पाच झाले अन् एक आजारी हाय, असं नाही चालत."

"सहाच," शोभाताई म्हणाल्या.

विहाराचे सचिव नागसेन शाळेत गणित शिकवायचे. या वयाच्या यंत्रांवर नवं विंडोज चढणार नाही, लिनक्स टाका, ते फुकट असतं आणि हलकंही, हे त्यांनीच सुचवलं. एका पेनड्राइव्हवर त्यांनी ते भरून दिलं. शोभाताईंनी झेरॉक्सच्या दुकानातून सूचनांची एकेचाळीस पानं छापून आणली आणि काळ्या दोऱ्यानं शिवली. संहिता हाती आली की त्यांना धीर यायचा.

मंगळवारी पहिलं यंत्र पेनड्राइव्हला ओळखच देईना. दर वेळी नव्यानं सुरू होई आणि २०१० सालची तारीख दाखवी. सकाळी त्याला शिकवलेलं दुपारी ते विसरलेलं. संहितेच्या नवव्या पानावर कारण सापडलं. आत बटणाएवढा सेल असतो, तो संपला की यंत्राला ना तारीख आठवते ना सांगितलेलं काही. घड्याळाच्या दुकानातून सहा सेल आले, सहा यंत्रांत बसले, आणि पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची सूचना यंत्रांनी लक्षात ठेवली.

बुधवारी लिनक्स चढू लागलं. पडद्यावर सुंदर चित्र आलं, खाली गोल फिरू लागला, आणि फिरता फिरता थिजला. दुसऱ्या यंत्रावर तेच. तिसऱ्यावर तेच.

"पेनड्राइव्ह खराब हाय, ताई," नागसेन म्हणाले आणि दुसरा भरून आणला. त्यावरही गोल थिजला.

भैय्याजी टेप घेऊन खोली मोजायला आले होते. "ताई, मले तं वाटते यायले मोक्ष भेटला हाय. तुमी काहून उठवून राहिल्या?"

"तुमी भिंत मोजा गा, भैय्याजी. मी माणसं मोजून राहिली."

"इथी कोणतं माणूस हाय?"

"तेच तं शोधून राहिली, कोण अडून राहिलं ते."

गुरुवारी त्यांना एकोणिसाव्या पानावर तळटीप दिसली. चित्र चालू असताना एस्केपचं बटण दाबलं की चित्र बाजूला होतं आणि मागे यंत्र काय काय करतं आहे त्याच्या ओळी दिसतात. शोभाताईंनी बटण दाबलं आणि समोर पांढऱ्या अक्षरांचा लोंढा धावू लागला. त्या खुर्चीत ताठ झाल्या. म्हणजे कालपासून हे चित्र म्हणजे नुसता रंगवलेला पडदा होता, आणि आपण मूर्खासारखं प्रेक्षागृहात बसून होतो. आपली जागा मागे.

अंबाड्यातून पेन्सिल निघाली. इंग्रजी त्यांना बेताचं येत होतं, पण अडखळणं ओळखायला भाषा लागत नाही. यंत्र थांबलं की शेवटची ओळ वहीत उतरवायची, समोर टिंब. मग बंद, पुन्हा सुरू, पुन्हा टिंब. गुरुवारी सात वेळा, शुक्रवारी नऊ वेळा. नागसेन शाळेतून येत, डोकावत, आणि चहा ठेवून जात.

शनिवारी सकाळी त्यांनी नागसेनना बोलावलं आणि वही पुढे केली.

"हे पाय. एकदा कीबोर्ड निवडतानी अडला. एकदा अर्धं भरून झाल्यावर. एकदा तं सुरुवातीलेच. सोळा टिंबं, सोळा जागा."

"मंग?"

"पेनड्राइव्ह फाटला असता तं फाटल्या पानावरच अडला असता, दर खेपेले. संहितेत खोट नाही, बाप्पा. नटाच्याच डोक्यात काही टिकून नाही राहिलं."

नागसेननी टिंबांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "ताई, याच्या डोक्यात टिकवायची पट्टी असते. मेमरी म्हणतेत तिले."

पेनड्राइव्हच्या यादीतच मेमरी तपासायची सोय होती. ती लावली आणि पाच मिनिटांत पडदा लाल ओळींनी भरला. शोभाताईंना इतका आनंद बक्षीस समारंभातही झाला नव्हता. दुखणं सापडलं होतं.

वीज काढली, खोका उघडला. आत सगळीकडे मऊ, करडी पूड. नागसेननी बोट फिरवलं, वास घेतला.

"कोराडीची राख," ते म्हणाले. "महादेवरावच्या व्हरांड्यात सगळ्या कपड्यायवर बसते ही."

बोटभर लांबीची हिरवी पट्टी त्यांनी जपून बाहेर काढली. तिच्या कडेला सोनेरी दात होते, आणि दातांवर राखेचा पातळ, चिवट थर. शोभाताईंनी पेन्सिल उलटी केली. मागच्या टोकाला गुलाबी खोडरबर होतं. बत्तीस वर्षं नटांच्या चुका खोडण्याचा त्याचा पिढीजात धंदा. त्यांनी एक एक दात अलगद घासला, सुती कापडानं पुसला. पिवळं सोनं वर आलं. पट्टी जागेवर दाबली, दोन्ही बाजूंनी टक टक वाजलं.

चाचणी तासभर चालली. लाल ओळ एकही आली नाही. मग लिनक्स लावलं. अर्ध्यावर पोचलं, नागसेन उभे राहिले. शेवटी पडद्यावर निळसर रिकामं मैदान आलं आणि कोपऱ्यात खरी तारीख.

बाकीची यंत्रं दोघांनी मिळून घासली. खोडरबर टोकापर्यंत झिजलं. सहाव्या यंत्राची एक पट्टी घासूनही लालच राहिली. ती काढून टाकली, तर तिच्या जोडीदारणीनं एकटीनं यंत्र ओढलं. संध्याकाळी साडेपाचला सहाही पडदे निळे होते.

रविवारी वंदना झाली आणि सभा मागच्या खोलीत भरली. महादेवराव राखेचं ऐकून ओशाळले आणि दोनदा चष्मा पुसला. करिष्मा मधल्या टेबलापाशी उभीच होती. पुठ्ठा तिनं छातीशी धरला होता.

"बस ना वं," शोभाताई म्हणाल्या आणि सवयीनं तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

करिष्मानं पुठ्ठा मांडीवर ठेवला आणि बोटं बटणांवर. पहिली ओळ तिनं डोळे मिटूनच मारली. बटणं वाजली तशी ती दचकली, पडद्याकडे पाहिलं, आणि हसू आवरेना. ओळ बिनचूक होती. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भैय्याजींनी सगळ्यांत जोरात. टेप त्यांच्या खिशातच राहिला.

"शोभाताई, समोर या," नागसेन म्हणाले. "आज दोन शब्द तुमीच बोला लागते."

त्या पुढे आल्या. सगळ्यांची तोंडं आपल्याकडे वळलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. पदर सावरला, खोलीभर नजर फिरवली. सहा यंत्रं चालू होती आणि करिष्मा बसली होती तेवढी एकच खुर्ची धड होती.

"भैय्याजी," त्या म्हणाल्या, "दुपारपर्यंत पाच खुर्च्या पाठवून द्या. डुगडुगणाऱ्या नको."