उघड्या दारावरची थाप

तुमच्या शाळेजवळच्या बागेतल्या ज्या दगडी माणसाच्या डोक्यावर सीगल बसलेला फोटो तुम्ही नातवंडांनी मला पाठवलात, तो माणूस ज्या घरातून ऑस्ट्रेलियाला निघाला, त्याच घरात मी सध्या राहते आहे. आयर्लंडमधल्या एनिस गावाच्या बाहेर, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एकमेकांना चिकटलेली दोन बैठी घरं आहेत. मोठं तुमच्या आत्यानं भाड्यानं घेतलंय, कारण तिचं हॉस्पिटल इथून जवळ पडतं. लहानात मालकीणबाई राहतात. नव्वदीला टेकलेल्या, ताठ, एका कानानं कमी ऐकणाऱ्या. तो दगडी माणूस त्यांच्या पणजोबांचा भाऊ.

पुतळ्याखाली काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं असेल. घरात सांगतात ते थोडं वेगळं आहे. तो सुतार होता. इथे बटाट्याचं पीक कुजून माणसं भुकेनं मेली त्या वर्षांत सुताराला एकच काम उरलं होतं, शवपेट्यांचं. पुढे फळ्याही मिळेनात. तेव्हा त्यानं एका पेटीचा तळ बिजागऱ्यांवर बसवला, म्हणजे माणूस खाली सोडला की तीच पेटी पुढच्यासाठी परत आणता येई. ती पेटी केल्यानंतर तो गावात फार दिवस राहिला नाही. तिकडे वसाहतीत नवीन शहर उभं राहत होतं आणि सुतारांना मागणी होती. विधिमंडळाच्या नव्या इमारतीचे दरवाजे त्यानं बसवले आणि काही वर्षांनी त्याच दरवाजांतून निवडून आत गेला. कामाचे तास ठरवून द्या, मत कोणाला दिलं ते मालकाला कळता कामा नये, हिवाळ्यात कुठलंही कुटुंब घराबाहेर काढता येणार नाही, यांसाठी तो भांडत राहिला आणि बरंचसं मिळवलंही.

मी इथे आले सप्टेंबरात. पुण्यात जे केलं तेच इथे सुरू ठेवलं: तिन्हीसांजेला मागचं दार लावायचं, पुढचं सताड उघडायचं आणि उंबऱ्याशी दिवा ठेवायचा.

"आई, अगं घर गारठतंय," तुमची आत्या म्हणायची. "लक्ष्मीला खिडकीतून येऊ दे की."

"खिडकीतून चोर येतात," मी म्हणायचे.

ऑक्टोबर लागला आणि संध्याकाळ लवकर यायला लागली. एके दिवशी मी टेबलाशी कपड्यांच्या घड्या करत होते. दार नेहमीप्रमाणे उघडं होतं, भिंतीला टेकलेलं. आणि दारावर थाप पडली. लाकडावर पडते तशी, भरीव. मी मान वर केली. चौकटीत कोणी नव्हतं. बाहेर भुरभुर पाऊस, ओला रस्ता. कुठल्याही गोष्टीला काहीतरी कारण असतं असं मानणारी मी. उठून दाराच्या फळीवर हातानं वाजवून पाहिलं. तो आवाज माझ्या डावीकडून, भिंतीपासून आला. आधीची थाप समोरून आली होती. बंद असतं तर दार जिथे असलं असतं, त्या मोकळ्या जागेतून.

नंतरही ती पडत राहिली. रोज नाही. पडायची तेव्हा दिव्याची ज्योत आत, माझ्याकडे झुकायची. वारा मात्र माझ्या पाठीमागून, धुराड्यातून येत असायचा.

आत्याला सांगितलं तेव्हा ती जरा घुटमळली. "मालकीणबाईंनी चावी देताना सांगितलं होतं, संध्याकाळची थाप आली तर पुढचं दार उघडायचं नाही. आपोआप थांबते. मला वाटलं, गावाकडच्या गोष्टी. इथल्यांसारखं 'ग्रँड', म्हणजे ठीक आहे, म्हटलं आणि सही करून टाकली."

दोन घरांत भिंत एकच असली तरी मालकीणबाईंची खिडकी मागच्या बाजूला आहे, त्यामुळे त्यांना माझा दिवा दिसला नव्हता. नोव्हेंबरात एका संध्याकाळी दुकानातून परत येताना त्यांनी ओल्या रस्त्यावर पडलेला उजेड पाहिला. त्या आमच्याकडे आल्या त्या मागच्या दारानं. कायम मागच्याच दारानं येतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"किती दिवस उघडं ठेवताय?"

"आल्यापासून."

"आत कोणी आलं?"

"मला तरी कोणी दिसलं नाही."

"दिसलं का, असं नाही विचारलं मी."

मी चहा केला. त्यांनी तो घेतला आणि मला सगळं सांगितलं. समुद्रापार गेलेला माणूस परत येत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक असे. म्हणून निघायच्या आदल्या रात्री तो मेला असं धरून घरात त्याच्या नावानं जागत. शेजारीपाजारी जमत, चहा, तंबाखू होई आणि आई प्रेतावर रडावं तशी सूर काढून रडे. जाणारा मधोमध खुर्चीवर बसून आपलंच रडणं ऐके. उजाडताच तो निघाला की ती खुर्ची उलटी करून ठेवायची. शवपेटी उचलल्यावर तिच्याखालच्या खुर्च्या उलट्या करतात, तशी.

"त्या सुतारालाही तसंच पोचवलं. पुष्कळ वर्षांनी तो मोठा माणूस होऊन परत आला. गावात सत्काराची तयारी चालली होती. आदल्या संध्याकाळी तो एकटाच चालत इथे आला आणि या दारावर थाप मारली. आई जिवंत होती, डोळे गेलेले. तो म्हणाला, आई, मी आलोय. ती आतून म्हणाली, माझा मुलगा मेला, मी त्याला रडले आहे."

"उघडलं नाही?"

"नाही. तो अंधार पडेपर्यंत उभा राहिला. परत गेला आणि वर्षाच्या आत वारला."

"पण एवढा मोठा झालेला मुलगा!"

"आईला काय त्याचं? ज्याला पोचवलं तो परत आला, तर एकटा येत नाही. असं आमच्या घरात धरतात."

 कप रिकामा होता तरी हातातच धरून बसल्या. मग उरलेलं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात येणार होता. तोही याच घरातून ऑस्ट्रेलियाला गेला, गवंडीकाम करायला. तोवर आजूबाजूला ही चाल बंद पडली होती, पण त्यांच्या आईनं पाळली. उजाडताच खुर्ची उलटी केली ती या बाईंनीच, स्वतःच्या हातांनी. तो परत कधी आला नाही. आता आजारी आहे. डॉक्टरांनी हा एवढाच प्रवास करू दिलाय.

"त्याला एकदा या विस्तवापाशी बसायचंय. फोनवर दुसरं काही मागितलं नाही."

"मग?"

"हॉटेलात खोली घेतलीय. तिथेच भेटेन. घरात घ्यायची माझी हिंमत नाही. आणि नाही घेतलं, तर तो दारावरूनच गेला हे मला मरेपर्यंत पुरेल."

मी त्यांना माझ्या माहेरची गोष्ट सांगितली. पुरात वाहून गेला म्हणून एकाचं दहावं-तेरावं उरकलं होतं आणि तो चालत परत आला. गल्लीतलं कोणी त्याच्या सावलीला उभं राहीना. शेवटी भटजींनी त्याचा नव्यानं जन्म झाला असं धरून संस्कार केले, बहिणीनं पुन्हा नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या.

"ऐंशीच्या म्हाताऱ्याला पाळण्यात घालू म्हणता?" त्या पहिल्यांदाच हसल्या.

"पाळणा राहू द्या. पण लांबून आलेल्यावरून आम्ही भाकरतुकडा ओवाळून टाकतो, पायांवर पाणी घालतो. वाटेत जे मागे लागलं असेल ते बाहेर राहतं."

"आणि राहतं बाहेर?"

"बाळंतपणाहून परतले तेव्हा सासूबाईंनी माझ्यावरून टाकला होता. अजून तरी मागे लागलेलं कोणी दिसलं नाही."

"तुम्हाला काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या. पण हॉटेलात जायचा बेत त्यांनी सोडला.

तो आला त्या दिवशी पावसामुळे विमानाला उशीर झाला आणि नेमकी तिन्हीसांज झाली. मालकीणबाई मागच्या दारानं येऊन आमच्याकडे बसल्या होत्या. त्यांच्या सांगण्यावरून मी पुढचं दार लावून घेतलं होतं. टॅक्सी थांबल्याचं ऐकू आलं, मग काठी. मग थाप. तोच आवाज, तीच जागा. आत्यानं माझा दंड धरला.

मालकीणबाई स्वतः उठल्या. कडीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"कोण?"

"मी." तुमच्याकडच्या, ऑस्ट्रेलियातल्या लोकांसारखे हेल होते.

"मी तुला रडले आहे रे."

"माहीत आहे. खुर्चीवर मीच होतो ना. रडता रडता तुला उचकी लागली होती."

त्यांनी कडी काढली. मोठ्या कोटात हरवलेला एक बारीक म्हातारा उंबऱ्याबाहेर उभा होता. मी पुढे झाले. भाकरीऐवजी इथल्या सोडा ब्रेडचा तुकडा त्याच्यावरून ओवाळला, बुटांवर पाणी घातलं. त्यानं काही विचारलं नाही, डोळे मिटून उभा राहिला. आता तुकडा रस्त्यापलीकडे भिरकावायचा म्हणून मी हात उचलला, तेव्हा मालकीणबाईंनी माझं मनगट पकडलं.

"नको. त्यालाही बाहेर नका ठेवू. इतकी वर्षं थाप मारतोय, पुष्कळ झालं."

मी भावाच्या मागे पाहिलं. फाटक, पाऊस, वळणावर लांब गेलेल्या टॅक्सीचे तांबडे दिवे. तुकडा माझ्या हातातच राहिला.

त्यांनी बाजूला होऊन भावाला वाट दिली. तो काठी टेकत आत गेला आणि विस्तवापाशी बसला. त्यांनी दार लावलं नाही. रिकाम्या चौकटीत एखाद्या उंच माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावं तशी मान वर केली, मग पाठ भिंतीला लावून आणखी एकदा बाजूला झाल्या.