पुढचा भाग मुक्ताकडे होता

मैत्रिणींनो, आज पाथरीच्या वाचनवर्गात कादंबरीची एकच प्रत होती. म्हणून दुरुस्तीला मोटर सुटी करावी तशी मी तिची शिवण सोडवली आणि मुलींना भाग वाटले. गोष्ट मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांतली आहे. वेगवेगळ्या जातींतल्या दोन जिवलग मैत्रिणींचं बोलणं घरचे बंद करतात.

स्वातीचा भाग तिथंच संपला.

"ताई, त्या परत बोलल्या का न्हाई?"

"पुढचा भाग मुक्ताकडे आहे."

स्वाती आणि मुक्ता यांचा दिवाळीपासून अबोला आहे. उत्तर मला माहीत होतं. मी दिलं नाही.

खिडकीतलं ऊन हळूहळू सरकत राहिलं. शेवटी स्वाती उठली.

"मुक्ते, पुढं काय झालं?"

"आता आठवण आली व्हय गं?" म्हणत मुक्तानं सतरंजीवर जागा केली.

संध्याकाळी पुस्तक परत शिवायला बसले, पण भाग सुटे होते म्हणूनच दोघी बोलल्या, असं वाटून सुईत दोरा ओवलाच नाही. तुम्ही ओवला असता?