घरी आलेलं एक्स-रे मशीन

आईला जिना उतरवणं शक्य नव्हतं, म्हणून एक्स-रेचं मशीनच घरी आलं. ते घेऊन आलेली मुलगी म्हणाली, “काकू, गळ्यातलं काढावं लागेल. फोटोत येतं.”

लग्नापासून आईने मंगळसूत्र कधी उतरवलं नव्हतं. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनीच ते काढलं आणि मुठीत धरून ठेवलं.

फोटो निघाला. स्क्रीनवर आईच्या छातीत सगळीकडे पांढरं पसरलेलं दिसत होतं. मुलगी हळूच म्हणाली, “डॉक्टर सांगतील.”

माणसाच्या आतलं कळायला यंत्र लागतं, असं आपल्याला वाटतं. आईला त्या मुलीचा चेहरा पुरला. बाबा मंगळसूत्र घालायला वाकले, तशी तिने त्यांची मूठ पुन्हा मिटवली.

“असू दे आता तुमच्याकडेच.”

बाबा कितीतरी वेळ तसेच वाकून उभे होते.