एका 'खो'पायी पाच यार्ड

"अरे गप बस! गप बस की जरा! पाच यार्ड घालवलेस माझ्या पोराचे!"

माझा मित्र माझ्या कानात ओरडत होता. तो ओरडला की खाडीपलीकडे वेल्समधल्या मेंढ्या चरायच्या थांबतात. एरवी हा ब्रिस्टलला विमानांचे पंख बनवतो आणि कामावर इतकं हळू बोलतो, की त्याच्या मॅनेजरला दोन वर्षं वाटत होतं माणूस मुका आहे. पण त्या रविवारी, युनिव्हर्सिटीच्या मैदानाच्या कडेला, त्याचं ओरडणं रास्त होतं. चूक माझी होती. मी एकच अक्षर उच्चारलं होतं.

"खो!"

त्याचा मुलगा एकवीस वर्षांचा. अमेरिकन फुटबॉल खेळतो, म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू छातीशी धरून पळायचा तो. त्याची जागा स्लॉट रिसीव्हरची, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याची. मधे रेड्यांसारख्या पोरांची रांग, पार कडेला एक पळणारा, आणि त्यांच्यामधल्या फटीत हा उभा. चेंडू मागे फेकला जाण्याआधी यातलं कुणी पुढे सरकलं, की पंच पिवळं फडकं टाकतात आणि सगळ्या संघाला पाच यार्ड मागे नेतात.

आता हे कुटुंब आधी मिल्टन कीन्सला आमच्या शेजारी राहायचं. तिथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला खो-खो मीच शिकवतो. पाठीमागून खो आला की उठायचं आणि सुटायचं, विचार करायचा नाही, हे मी या पोराच्या हाडांत सहाव्या वर्षापासून भरलंय. त्या दिवशी तो फटीत वाकून उभा राहिला, अगदी खो-खोच्या पाटीवर बसल्यासारखा, आणि माझी जीभ माझी राहिली नाही. मी ओरडलो, तो बाणासारखा सुटला. चेंडू होता तिथेच.

आणि नेमका त्याच दिवशी तो म्हातारा आलेला. काटकुळा इंग्रज, बगलेत फ्लास्क, हातात वही. अमेरिकेतले व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजातली पोरं निवडून वाटून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हा त्यांच्यासाठी इकडची पोरं हेरतो. लंडनच्या चाचणीला कुणाला बोलवायचं, हे त्याची वही ठरवते. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यानं पोराची उंची मोजली, वजन विचारलं, हात पसरून लांबी घेतली, शेवटी अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीतसुद्धा मोजली. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वहीत डोकावलो. प्रत्येक आकड्यापुढे एकच शब्द: लहान. आता त्याखाली माझ्या कृपेनं 'आधीच हलला' अशी भर पडली होती.

पोरगा आमच्याजवळ धावत आला. हेल्मेटच्या जाळीतून, त्याच्या विलायती मराठीत म्हणाला, "काका, तुमची आवाज खूप छान आहे. पण प्लीज, आता नको."

मी मफलर तोंडात कोंबला.

पुढचा डाव. समोर त्यांचा मधला बचावपटू. काय सांगू, त्याच्या सावलीत दोन गाड्या पार्क झाल्या असत्या आणि कौन्सिलनं त्यांची परमिटं दिली असती. आमचं पोरगं सरळ त्याच्या अंगावर गेलं, डावा खांदा पाडला, हुलकावणी दिली. तो डोंगर डावीकडे गेला तो गेलाच. माझ्या माहितीप्रमाणे अजून स्विंडनच्या आसपास धावतोय. मग पोरानं साखळी धरली. खो-खोत बसलेल्या गड्यांमधून आत-बाहेर, आत-बाहेर पळतात ना, तशी. इथवरचं सगळं माझं शिकवणं, असं मी छाती फुगवून मनात म्हणत होतो.

आणि तो थांबला.

इथून पुढे मी तिखटमीठ लावत नाही, लावायला जागाच नाही. सगळं मैदान धावत होतं आणि हा मधोमध, जेवणाच्या टेबलाएवढ्या मोकळ्या जागेत, स्थिर उभा. तिथे कुणी नव्हतं. कुणी येणारही नव्हतं. हे त्याला एकट्याला दिसलं होतं. मी उभ्या जन्मात माणूस चुकवून पळालो. जागा रिकामी होईल हे आधी ओळखून तिथे जाऊन उभं राहायचं, हे मला स्वप्नातही सुचलं नाही. तो वळला, आणि मागून फेकलेला चेंडू त्याच्या त्या लहान वितीत येऊन बसला. मग मागून दोघांनी त्याला असं आपटलं की माझे दात हलले. ढिगाऱ्याखालून आधी एक हात वर आला. हातात चेंडू.

माझा मफलर तोंडातच. शेजारी उभ्या बापानं कामावरच्या हळू आवाजात विचारलं, "हे कुठे शिकला रे हा?"

पृथ्वीवरच्या कुठल्याही चांगल्या गोष्टीला माझं ठरलेलं उत्तर असतं: माझ्याकडून. त्या दिवशी मफलर काढल्यावर तोंडातून बाहेर पडलं, "माहीत नाही."

सामना संपल्यावर मी म्हाताऱ्याला गाठलं. म्हटलं, साहेब, तो पहिला दोष माझा, पोराच्या नावावर नका धरू. मग खो-खो समजावायला लागलो. ओल्या गवतावर बसून दाखवलं, उठून दाखवलं, झाडांना खांब करून साखळी पळून दाखवली, आणि शेवटी भरात त्याच्याच पाठीवर थाप मारून खणखणीत खो दिला. त्याचा चहा सांडला. त्यानं फ्लास्कचं झाकण हळूहळू फिरवून घट्ट केलं, वही मिटून खिशात घातली, आणि इंग्रजीत म्हणाला, "मंगळवारी नऊ वाजता त्याला लंडनला पाठवा. तुम्ही येऊ नका."