मोठ्यानं सांगितलेलं माप

टेलरमास्तरांच्या वरच्या पुढच्या दाताला एक खाच होती, दोरा नेमका मावेल एवढी. एकेचाळीस वर्षं हाताशी कातर असूनही त्यांनी दोरा दातानंच तोडला. कातर शोधा, उचला, परत ठेवा. त्यापेक्षा दात कसा जागच्या जागी असतो, असं त्यांचं म्हणणं. गेले काही महिने मात्र तो दात जागच्या जागी राहिला नव्हता. जिभेनं ढकलला की हलायचा. मास्तरांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण शिवलेल्या कपड्यांना दोऱ्यांची शेपटं राहू लागली, आणि शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या सुनेच्या नजरेतून ती सुटली नाहीत.

"बाबा, शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. वेळ घेतलीय."

"माझ्या दातांना काय धाड भरलीय?"

"नाही ना भरली? मग दाखवायला काय हरकत आहे? नुसती तपासणी."

'नुसती' या शब्दावर मास्तरांचा विश्वास नव्हता. गिऱ्हाईकही नुसती बाही आखूड करायची म्हणून येतं आणि अख्खा कोट उसवावा लागतो. डॉक्टर दात हलवून बघणार आणि काढूनच हातात देणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

शनिवारी सुनेनं दवाखान्यातला कागद भरला. रक्तदाब, साखर, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी. मास्तर प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणत गेले. रक्तदाबाच्या गोळीची आठवण सुनेनं करून दिली. आत खुर्चीशेजारच्या ताटलीत पक्कड असेल असं त्यांना वाटलं होतं. तिथं दांडीचा छोटा आरसा होता, एक बारीक सळई आणि कापूस.

डॉक्टर सुनेच्याच वयाच्या होत्या. "आज काहीही काढणार नाही, आधीच सांगते. बघायचं, मोजायचं, एक्स-रे घ्यायचा, साफ करायचं. दुखलं तर डावा हात वर करा."

आधी त्यांनी बाहेरूनच जबडा आणि मान चाचपली, कुठे गाठ आहे का म्हणून. मग जीभ कापडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, गाल आतून पाहिले. हात हलका होता, मास्तरांना पटला. पुढच्या दाताशी आरसा थांबला.

"शिवणकाम करता?"

तोंडात आरसा असल्यानं मास्तरांनी फक्त भुवया उचलल्या. खांद्याच्या उतारावरून माणूस कुठल्या हातात पिशवी धरतो, ते मास्तर सांगत. इथं त्यांचंच माप कुणीतरी घेत होतं.

"आता हिरड्या मोजते," म्हणत डॉक्टरांनी खुणा असलेली ती सळई दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच टेकवली. मदतनीस मुलगी संगणकापाशी बसली. "दोन, तीन, दोन. तीन, दोन, दोन."

मास्तर सैलावले. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, हा तर त्यांचाच धंदा. दुकानात ते मोजत, सून लिही. फरक एका नियमाचा. उंची, बाही, छाती ते खणखणीत सांगत. कंबर वाढलेली असली तर मात्र आकडा तोंडातून निघत नसे. ते टेपवर अंगठा दाबून टेप तसाच सुनेपुढे धरत. गिऱ्हाईकाला चारचौघांत कशाला खजील करायचं?

म्हणून आता ते कान देऊन ऐकत होते की डॉक्टरांचा आवाज कुठे थांबतो. खाचेच्या दातापाशी "सहा, पाच, सहा" आलं, त्याच सुरात, तेवढंच मोठ्यानं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

मग एक्स-रे झाला. पाणी उडवणाऱ्या, गुणगुणणाऱ्या यंत्राच्या टोकानं दातांवरचं कीटण निघालं, खरखरीत पेस्ट लावून दात घासून झाले. मास्तर चूळ भरून उठले आणि कॉलर नीट करत म्हणाले, "चला, म्हणजे सगळं ठीक."

"ठीक कुठे? सहा ऐकलंत ना?"

"ऐकलं की. पण तुम्ही तर मोठ्यानं म्हणालात."

डॉक्टर बघतच राहिल्या. दारात उभ्या सुनेनं ओठ दाबत दुकानातला नियम सांगितला. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर एक्स-रे लावला. इतर दातांभोवती हाड दाट, पांढरं होतं. खाचेच्या दातापाशी ते उसवल्यासारखं मागं सरलं होतं.

"फट तीन मिलिमीटरपर्यंत चालते. इथं हिरडीनं दाताची साथ सोडलीय. कधीपासून हलतोय?"

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं नाही. "झाले पाच-सहा महिने." मग म्हणाले, "राहील का?"

"राहू शकतो. हमी देत नाही. हिरडीच्या आतून साफ करावं लागेल, दोन-तीन खेपा. आणि दोरा तोडणं आजपासून बंद."

"तो आकडा जरा हळू म्हणाला असतात तर?"

"तर संगणकावरच्या या मुलीनं चुकीचा लिहिला असता. आणि दात तुमचा आहे, मास्तर. तुमच्यापासूनच लपवून काय करू?"



सोमवारी एक जुनं गिऱ्हाईक आलं. दोन वर्षं हे गृहस्थ कापड आटतं म्हणून विजारी परत आणत आणि मास्तर मुकाट्यानं शिवण उसवून कंबर सैल करून देत.

"मागच्याच मापानं शिवा हो."

"घेतो एकदा." टेप फिरला. उंची झाली. कमरेला आल्यावर सुनेनं अंगठा बघायला मान पुढे केली.

"बेचाळीस," मास्तर म्हणाले, उंची सांगितली त्याच सुरात.

सुनेची पेन्सिल अडली. गिऱ्हाईकानं मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. "अडतीस होतं ना?"

"दोन वर्षांपूर्वी."

"म्हणजे कापड आटत नव्हतं?"

"कापडाचा काही दोष नव्हता."

"अहो, मग आधी सांगायचं की! मी तीन दुकानं बदलली कापडाची." ते पुटपुटत गेले, पण माप देऊन गेले.

मास्तरांनी अर्धवट राहिलेली बाही पुढ्यात ओढली. टाका संपला, दोरा सवयीनं ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी टेबल चाचपलं, कापडं उचलून पाहिली, खाली वाकून पाहिलं.

"कातर कुठे ठेवलीस?"

"तुमच्याच मांडीखाली आहे, बाबा. एकेचाळीस वर्षं तिथंच असेल."