टेबलाच्या खणातली तीन पाकिटं

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे रोखठोक म्हणत. बोलायला तो फटकळ मुळीच नव्हता, उलट जरा मुखदुर्बळच. पण जन्मात त्यानं उधारी केली नव्हती. दुकानदार "राहू द्या हो, उद्या द्या" म्हणाला तरी हा घरी जाऊन सुटे घेऊन यायचा. कर्जाचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं करायचा. त्याला कारणही होतं. तो नऊ वर्षांचा असताना वडिलांनी हप्त्यानं रेडिओ घेतला, हप्ते थकले, आणि वसुलीवाला दारात उभा राहून नोटीस मोठ्यानं वाचून गेला. अख्ख्या गल्लीनं ऐकली. वडील दाराआड उभे होते आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते.

हा रोखठोक पंचेचाळिशीत बायकोला घेऊन परक्या देशात आला, तो धाकट्या मेहुणीच्या भरवशावर. ती तिथं बारा वर्षं होती, हॉस्पिटलच्या धुलाईघरात कपडे धुता धुता सुपरवायझर झाली होती. आणि आल्यावर याला कळलं काय, तर ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याला इथं कोणी दारात उभं करत नाही. कर्ज काढायचं, वेळेवर फेडायचं, त्याची नोंद व्हायची, आणि ती नोंद बघून पुढचा माणूस विश्वास ठेवायचा. याची पाटी कोरी.

"चोर असतो तरी बरं होतं," तो बायकोला म्हणाला. "निदान कुठेतरी नोंद असती."

कामाला व्हॅन हवी होती. गाठीचे पैसे घराच्या अनामतीत गेलेले, म्हणजे हप्त्यानंच घ्यायची, आणि हप्त्यासाठी जामीन हवा.

"मी करते की सही, भाऊजी," मेहुणी म्हणाली.

तिच्या लग्नात थोरला जावई म्हणून मिरवलेला हा माणूस त्या दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीत तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत अंग चोरून बसला. तिनं पर्समधून स्वतःचं पेन काढलं, चार ठिकाणी सह्या केल्या. खाली उतरताना तो जिन्यात थांबला. "तुझ्या सहीला डाग लागू देणार नाही," म्हणाला.

"ठाऊक आहे हो मला. चला, मला कामाच्या पाळीला पोचायचंय."

चार महिने त्यानं हप्ता तारखेच्या आधी भरला, तोही काउंटरवर जाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. पाचव्या महिन्यात उन्हाळा तापला, घरोघरचे फ्रीज बंद पडले, हातात चांगले पैसे आले. स्वारीनं काय करावं? दोन हप्ते एकदम भरले. सहाव्या महिन्याचं झालं, आता निवांत. छाती फुगवून घरी आला आणि पावती बायकोला दोनदा दाखवली.

आता त्या कंपनीचा हिशेब असा, की जास्तीचे पैसे मुद्दलात जातात; पुढचा हप्ता पुढच्या महिन्यातच द्यावा लागतो. हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचं याला सुचलं नाही. सहावा महिना कोरा गेला. मग तो दर महिन्याला भरत राहिला, आणि दर महिन्याला एक हप्ता मागेच राहिला.

कंपनीची पत्रं आली. तीन. पाकिटावरची निळी खूण त्यानं लांबूनच ओळखली आणि पाकिटं टेबलाच्या खणात सारली.

"उघडा तरी," बायको म्हणाली. "वाचता येत नसेल तर धाकटीला दाखवा."

"भरलेत ना पैसे? मग तिला कशाला?"

पण खरं सांगायचं तर त्या पाकिटांना हात लावायला तो घाबरत होता. त्याला तो वसुलीवाला दिसायचा.

एका रविवारी मेहुणी आली. चप्पल काढून नेहमीसारखी आत आली नाही, दाराशीच बसली. तिनं घर बघून ठेवलं होतं, दोन्ही मुलींना वेगळी खोली मिळेल असं. गेली सहा वर्षं त्यासाठी ती दुहेरी पाळ्या करत होती. बँकेनं तिचं कर्ज नाकारलं होतं. कारण व्हॅन. हप्ता थकल्याची नोंद जामीन म्हणून तिच्याही नावावर पडली होती.

"भाऊजी, हप्ता चुकला का हो?"

"छे," म्हणत त्यानं ऐटीत खण ओढला, पावती काढली. पावतीबरोबर पाकिटंही वर आली. तिनं ती पाहिली. एकेक फोडून वाचली. पहिल्या पत्रात फक्त विनंती होती, चुकून राहिलं असेल तर फोन करा म्हणून. एका फोनचं काम होतं. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. तिनं कागद मागितला. कंपनीला लिहायचं, पावती जोडायची, नोंद पुसा म्हणायचं.

"पत्रं का उघडली नाहीत, हे विचारतील," ती म्हणाली. "परगावी गेलो होतो असं लिहू?"

"नको. लाज वाटली असं लिही."

ती थांबली, मग लिहू लागली.

"त्यांच्या भाषेत लाजेला काय म्हणतात?"

तिनं सांगितलं. त्यानं तो शब्द दोन-तीनदा घोळवला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच कंपनीच्या काउंटरवर गेला. मागं आठ-दहा माणसं रांगेत. काउंटरपलीकडच्या बाईनं अर्ज वाचायच्या आधीच तीन फोडलेल्या पाकिटांकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? त्यानं तो एकच शब्द उच्चारला. तिला ऐकू गेला नाही. मग त्याला तो मोठ्यानं म्हणावा लागला, आणि रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. बाईनं शिक्का मारला. तीन आठवडे लागतील म्हणाली.

पाच लागले. निळ्या खुणेचं पाकीट आलं तेव्हा त्यानं ते जिन्यातच फोडलं, अक्षरं लावत लावत वाचलं. नोंद पुसली होती. त्यानं तिथूनच मेहुणीला फोन लावला.

"बरं झालं हो," ती म्हणाली.

"आणि ते घर?"

"ते केव्हाच गेलं, भाऊजी. दुसऱ्यांनी घेतलं."

पलीकडे धुलाईघरातली यंत्रं घरघरत होती.

"तुम्ही जेवलात का?" तिनं विचारलं.

तो हो म्हणाला. जेवला नव्हता.